पोटावरची छत्री

‘ग्रहण म्हणजे निव्वळ सावली. सावलीला भिणारा माणूस विसाव्या शतकात राहायला नालायक आहे,’ आप्पा म्हणाले, आणि खिडकीला घोंगडी ठोकायला स्टुलावर चढले.

हे ते खालच्या आवाजात म्हणाले. माझ्या सासूबाई न्हाणीघरात होत्या आणि पाण्याचा आवाज नुकताच थांबला होता.

‘मग घोंगडी कशाला?’ मी विचारलं.

‘खिळा दे,’ आप्पा म्हणाले.

माझे वडील तासगावात हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. ऐंशी सालच्या त्या ग्रहणासाठी त्यांनी नववीच्या अख्ख्या वर्गाकडून बुटाच्या खोक्यांना टाचणीनं भोकं पाडून घेतली होती. त्यातून सूर्य पुठ्ठ्यावर कसा उमटतो हे समजावताना त्यांचा आवाज भरून आला होता, असं मुलं सांगत होती. ग्रहणात घराबाहेर पडायला घाबरू नका, असंही त्यांनी मुलांना बजावलं होतं. मुलांना विहीण नसते.

आम्हाला होती. मी पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. आमचे हे भिलाईला, पोलादाच्या कारखान्यात. त्यांच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणजे माई, कराडहून आदल्या दिवशीच्या एसटीनं येऊन दाखल झाल्या होत्या. बाळंतपण मुलीकडच्यांनी करायचं हे त्यांना मान्य होतं. ग्रहण मात्र मुलीकडच्यांवर सोपवायला त्या तयार नव्हत्या.

शेवटच्या दिवसांत काय काय होतं, याची मला सगळ्यांनी आगाऊ कल्पना दिली होती आणि एकीची कल्पना दुसरीशी जुळत नव्हती. आई म्हणाली, पाय सुजतात. शेजारच्या अनसूयाकाकू म्हणाल्या, डावा सुजला तर मुलगी. माझे दोन्ही सुजले तेव्हा त्या पुन्हा आल्याच नाहीत. कुशीवर वळायचं तर आधी पोट उचलून पलीकडे ठेवायचं आणि मग त्याच्यामागून आपण जायचं. खोट्या कळा यायच्या, मी हाक मारायची, आई घाईनं बंबात लाकडं सारायची, पाणी तापेपर्यंत कळा गेलेल्या असायच्या. त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाच्या दोन-दोन आंघोळी झाल्या. हे सगळं मला कोणी ना कोणी सांगितलेलं होतं. बाळ हलायचं थांबलं तर काय करायचं, तेवढं मात्र राहून गेलं होतं.

ते एरवी फार हलायचं. मी आडवी झाले की बरगडीखाली पाय रोवून असं ढकलायचं, की जणू जागेचं भाडं मीच थकवलंय. त्या दिवशी सकाळपासून ते गप्प होतं. आधी मला बरंच वाटलं. म्हटलं, झोपू दे, मलाही झोपू दे.

माईंनी मला माजघरात चटईवर पाय सरळ करून बसवलं. मांडी घालायची नाही, बाळाचे पाय वाकडे होतात. वेणी घालायची नाही, नाळेला पीळ पडतो. खाजवायचं नाही, अंगावर डाग उठतो. ज्यांना नववा महिना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको की त्या दिवसांत पोट नावाचा अवयव केवळ खाजवण्यासाठी असतो. कापायचं, चिरायचं, शिवायचं तर नावच नको. विळी, कात्री, अडकित्ता, आप्पांचं दाढीचं पातं, सगळं माईंनी फडक्यात बांधून स्वतःच्या ट्रंकेत घातलं होतं. ट्रंकेला कुलूप होतं आणि किल्ली कमरेला.

आणि खायचं नाही. पाणीही नाही.

‘विहीणबाई,’ आई चाचरत म्हणाली, ‘गरोदर बाईला वेध थोडा वेळच पाळायचे असतात ना? पंचांगात तसं दिलंय.’

‘पंचांग छापणाऱ्यांना पोरं होत नाहीत,’ माई म्हणाल्या. ‘पोरं बायकांना होतात.’

आई उठून देव पाण्यात ठेवायला गेली.

दुपार झाली. गल्लीतले सगळे दरवाजे लागले होते. घोंगडीमुळे माजघरात काळोख, त्यात फेब्रुवारीचा कोरडा उकाडा. माझी जीभ टाळूला चिकटत होती. मी पोटावर हात ठेवून वाट बघत होते. हाताखाली काही सरकेना. मी हळूच बोटांनी टिचकी मारली. एरवी टिचकी मारली की आतून उत्तर यायचं. मी पुन्हा मारली. दार ठोठावतोय आणि घरात कोणी नाही, असं वाटलं.

‘आई,’ मी म्हटलं, ‘बाळ हललं नाहीय सकाळपासून.’

आईनं माझ्याकडे बघितलंच नाही. तिनं माईंकडे बघितलं.

‘ग्रहण पाळतंय,’ माई म्हणाल्या. ‘तुझ्यापेक्षा शहाणं आहे.’

‘मी टिचकी मारली. तरी नाही.’

‘टिचक्या कशाला मारतेस? गप्प पड. मोक्ष झाला की आंघोळ कर, खा, मग बघू.’

‘मला आत्ता डॉक्टरीणबाईंकडे जायचंय.’

‘आत्ता?’ माईंचा आवाज बारीक झाला. ‘ग्रहण लागलंय बाहेर.’

मी आप्पांकडे वळले. ते भिंतीला टेकून वर्तमानपत्र वाचत होते. काळोखात वाचत होते.

‘आप्पा.’

‘अं?’

‘ऐकलंत ना?’

‘ऐकलं.’ त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. ‘विहीणबाई म्हणतात तसं, थोड्या वेळाचा प्रश्न आहे. सुटलं की लगेच निघू.’

‘काल शाळेत तुम्ही काय सांगितलंत?’

‘ते अभ्यासक्रमात होतं,’ आप्पा म्हणाले.

तुम्हाला राग कसा येतो ते मला माहीत नाही. माझा एरवी हळूहळू यायचा, आणि वाटेत कोणी भेटलं की तिथेच गप्पा मारत बसायचा. त्या दिवशी तो थेट आला. माईंचा राग आलाच, पण तो दुसऱ्या नंबरचा. त्यांना जे वाटत होतं तेच त्या बोलत होत्या. पहिला नंबर होता त्या वर्तमानपत्राच्या घडीचा. सूर्य किती अंतरावर आहे ते झोपेत विचारलं तरी सांगणारा हा माणूस. त्याला खरं काय ते माहीत होतं. माझ्या पोटात काही थांबलं असेल तर हा ते विहीणबाईंच्या परवानगीनं थांबू देणार होता.

मी भिंतीला धरून उठले. एवढ्या पोटानं तावातावानं उठता येत नाही. आधी गुडघ्यावर, मग हातावर, मग थांबून श्वास. मी दाराशी गेले, तेव्हा माई माझ्या आधी तिथे पोहोचल्या होत्या. कडीवर पाठ लावून उभ्या.

‘हेमा, जायचं नाही.’

‘बाजूला व्हा.’

‘मला ओलांडून जा.’

‘या पोटानं मला उंबरा ओलांडता येत नाही माई, तुम्हाला कुठून ओलांडू? बाजूला व्हा.’

‘पोराचं वाईट होईल. मी सांगते ना तुला. मला माहितीय.’

‘काय माहितीय?’

त्या ओठ घट्ट मिटून उभ्या राहिल्या. त्यांचा हात कडीवर होता आणि कडी वाजत होती. मला त्याची कीव आली नाही. मी त्यांचा हात धरून कडीवरून काढला, कडी काढली आणि पायरी उतरले.

मागे आईचा आवाज आला, ‘अहो, सायकल तरी घ्या. चालवणार आहात का तिला?’ आणि मग, ‘मी कशी येऊ, देव पाण्यात आहेत.’

आप्पांनी सायकल काढली. मी कॅरिअरवर एका बाजूला बसले, एक हात सीटला, एक पोटाला. आप्पा हँडल धरून चालू लागले. आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो असू, तेवढ्यात मागून चपलांचा फटफट आवाज आला. माई पळत येत होत्या. हातात आप्पांची काळी छत्री. त्यांनी ती उघडली आणि माझ्या पोटावर धरली. डोक्यावर नाही, पोटावर. माझं तोंड उन्हात, पाय उन्हात, पोट छत्रीत.

‘माई, छत्री काढा.’

‘नाही काढणार.’

‘चाकात जाईल.’

‘मग तुझ्या बापाला सावकाश चालायला सांग.’

‘सावकाश चालायला वेळ नाहीय.’

‘मग चाकात जाऊ दे. मी धरणार.’

तासगावचा बाजाररस्ता मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. सगळी दुकानं बंद. टांग्याच्या अड्ड्यावर नुसतं गवत पडलेलं. ऊन होतं, पण ते कोणीतरी पाणी घालून पातळ केल्यासारखं. कावळे चिंचेवर येऊन भांडत होते, निजायची वेळ झाली की नाही यावरून. रस्त्याच्या मधोमध एक बाप, एक सायकल, तिच्यावर एक फुगलेली बाई आणि तिच्या पोटाला छत्री लावून पळणारी विहीण. बंद खिडक्यांच्या फटींमधून सगळं गाव बघत असणार. ग्रहण बघायचं नसतं, आम्हाला बघायला बंदी नव्हती.

कडुनिंबाखालून जाताना आप्पा थबकले.

‘हेमू, खाली बघ. प्रत्येक कवडसा चंद्रकोरीसारखा झालाय. पानांच्या फटी म्हणजे आपली टाचणीची भोकं. प्रत्येकातून सूर्याची एकेक प्रतिमा...’

‘आप्पा,’ मी म्हटलं, ‘सायकल ढकला.’

‘ढकलतो,’ ते म्हणाले. सगळा रस्ता कोरींनी भरला होता. फार सुंदर दिसत होतं. मला त्या सौंदर्याचाही राग आला.

डॉक्टर बर्डेबाई त्यांच्या प्रसूतिगृहाच्या अंगणात उभ्या होत्या. कोणाच्या तरी फासळ्यांची एक्स-रेची फिल्म डोळ्यांपुढे धरून त्या सूर्य बघत होत्या. आया आणि कंपाउंडर दोघंही ग्रहण पाळायला घरी गेले होते. आमची वरात बघून बाईंनी फिल्म खाली घेतली.

‘काय झालं?’

‘बाळ हलत नाहीय,’ मी म्हटलं. ‘सकाळपासून.’

बाईंनी पुढचं काही विचारलं नाही. मला आत नेलं, टेबलावर घेतलं आणि लाकडी नळी पोटावर ठेवून तिला कान लावला. त्यांनी नळी उजवीकडे ठेवली. मग खाली. मग डावीकडे. मी छताकडे बघत होते. छताला पोपडे आले होते. दारात आप्पा उभे होते आणि त्यांच्यामागे माई. छत्री अजून उघडीच होती.

बाईंनी नळी पुन्हा उजवीकडे आणली. थांबल्या. डोळे मिटले.

‘ठोके आहेत,’ त्या म्हणाल्या.

माझ्या घशातून कसलातरी आवाज निघाला. रडणं म्हणता येणार नाही. कोणाला तरी मारायच्या आधी येतो तसला तो आवाज होता.

‘आहेत, पण दमलेले आहेत. शेवटचं कधी खाल्लंस?’

‘काल रात्री. अर्धी भाकरी.’

‘आणि पाणी?’

‘काल रात्रीच.’

बर्डेबाई सरळ झाल्या. त्या उंचीनं बेताच्या होत्या, पण रागावल्या की टेबलावर चढून बोलतायत असं वाटायचं. ‘नवव्या महिन्यातल्या बाईला या उकाड्यात कोरडी ठेवलीत? कोणाच्या डोक्यातून निघालं हे?’

आप्पांनी छताकडे बघितलं.

बाईंनी मला ग्लुकोजचं पाणी पाजलं, पाठोपाठ चार बिस्किटं खायला लावली आणि डाव्या कुशीवर निजवलं. ‘आता हात पोटावर ठेव आणि नुसतं लक्ष दे. एक लक्षात ठेव, बाळाचं हलणं कमी वाटलं की त्याच वेळी उठून इथे यायचं. घरात पाहुणे असोत, सण असो, आकाशात काहीही लागलेलं असो. शेवटच्या दिवसांत बाळ हलायचं थांबत नसतं. जागा कमी पडते म्हणून लाथेचं ढकलणं होतं, एवढंच. थांबलं तर वाट बघायची नाही. इतका वेळ का थांबलीस?’

‘मी नव्हते थांबणार,’ मी म्हटलं. ‘मला थांबवलं.’

मी निजून राहिले. खोलीत कोणी हलत नव्हतं, आतलंही नाही. पडद्याच्या फटीतून आलेला उजेड फरशीवर आंधळ्यासारखा पडला होता. आणि मग बरगडीखाली काहीतरी सरकलं. आळसटलेलं, नाराज. मग पायाची एक स्पष्ट ढकलणी. मग दुसरी, जरा जोरात. बर्डेबाईंनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, स्वतःचा हात ठेवून खात्री केली आणि मान हलवली.

त्या वेळी माईंनी छत्री मिटली. मिटून भिंतीला टेकवली आणि खाली फरशीवरच बसल्या.

‘ओठ,’ त्या म्हणाल्या. ‘ओठ कसे असतील त्याचे?’

‘कसे म्हणजे?’

‘ग्रहणात आणली तिला. उघड्यावर.’

‘ओठांचं काय, माई?’ मी विचारलं. माझा आवाज काही मऊ नव्हता.

माई माझ्याशी बोलल्याच नाहीत. फरशीशी बोलल्या. ‘दिनकरच्या आधी मला मुलगी झाली होती. ओठ फाटलेला. टाळूही. दूध ओढता यायचं नाही तिला. कापसानं घालायचो, ते नाकातून यायचं. महिना काढला तिनं.’ मग त्या म्हणाल्या, ‘मी ग्रहणात लिंबू चिरलं होतं. मामंजींना सरबत हवं होतं. सासूबाई जन्मभर सांगत होत्या. दर हळदीकुंकवाला, नव्या बाईला दाखवून. हिनं चिरलं, म्हणून चिरलेलं झालं.’

ही गोष्ट मी तोवर ऐकलेली नव्हती. दिनकर म्हणजे आमचे हे, त्यांनाही ती ठाऊक नव्हती, असं मला नंतर कळलं.

बर्डेबाई त्यांच्यासमोर स्टुलावर बसल्या. त्यांचा आवाज आता खाली आला होता. ‘लिंबू चिरलंत तेव्हा कितवा महिना होता?’

‘आठवा.’

‘ओठ जुळायचे असतात ते तिसरा महिना संपायच्या आत जुळतात. नाही जुळले तर तसेच राहतात. आठव्या महिन्यात तुम्ही लिंबू नाही, कलिंगड चिरलं असतंत तरी त्या ओठांना त्याचा पत्ता नव्हता. ते तुमच्या लिंबाच्या आधीच ठरलं होतं.’

‘मग कशानं झालं?’

‘ते मला सांगता येणार नाही. कधीकधी होतं. पण तुमच्या विळीनं नाही, आणि ग्रहणानं तर नाहीच.’

मला वाटलं, माई आता रडतील. मी त्यासाठी तयारही नव्हते, कारण मला अजून त्यांच्यावर रागवायचं होतं आणि रडणाऱ्या माणसावर रागावणं अवघड जातं. पण त्या रडल्या नाहीत. त्यांनी मान वर केली आणि दाराकडे बघितलं.

‘मास्तर,’ त्या म्हणाल्या, ‘हे तुम्हाला ठाऊक होतं?’

आप्पा दचकले. ‘ओठांचं नव्हतं ठाऊक, विहीणबाई.’

‘ग्रहणाचं?’

‘ग्रहणाचं... म्हणजे, हो. ते होतं.’

‘त्यानं काही होत नाही हे ठाऊक होतं.’

‘हो.’

‘मग सकाळपासून घोंगड्या कसल्या ठोकत होतात?’

‘तुमचा शब्द कसा मोडायचा? आम्ही मुलीकडचे.’

‘मुलीकडचे,’ माई म्हणाल्या. त्या भिंतीला धरून उठल्या. ‘मुलगी उपाशी पडली होती, तिकडचे होतात का तुम्ही? मी अडाणी बाई. मला भीती होती, म्हणून मी तसं वागले. तुम्हाला कसली भीती होती?’

‘भीती नव्हे. मान असतो एकेकाचा.’

‘कोणाचा?’

‘तुमचा.’

‘जळला तो मान. पोर पोटात गप्प पडलं, आणि तुम्ही पेपर वाचत माझा मान ठेवत होतात? एक शब्द बोलला असतात. नुसतं म्हणाला असतात, माई, हे खोटं आहे. मी भांडले असते, दोन दिवस तोंड फिरवून बसले असते. बसू द्यायचं होतं मला. माझ्या सासूच्या तोंडावर कोणी बोललं नाही, आणि आता माझ्याही नाही. बोलायचं कधी असतं मग? शाळेत?’

आप्पांचा चेहरा मी पुढे अनेकदा आठवून बघितला. त्यावर काहीच नव्हतं. नववीतला मुलगा उत्तर येत नाही म्हणून उभा राहतो तसे ते उभे होते.

मी टेबलावर डाव्या कुशीवर पडून होते. माझ्या मनात जे जे होतं, ते सगळं ही बाई माझ्या आधी बोलून गेली होती, आणि माझ्यापेक्षा चांगलं. माझ्याकडे एकही वाक्य उरलं नव्हतं. त्याचाही मला राग आला. आजही थोडा येतो. मुलगा दोन दिवसांनी झाला. ओठ जुळलेले होते. ते त्यानं आजवर मिटलेले नाहीत, तो प्रश्न वेगळा.

बाहेर अजून तोच पातळ उजेड होता. ग्रहण सुटायला अवकाश होता. बर्डेबाई कोपऱ्यातल्या ओट्याकडे गेल्या, स्टोव्हला पंप मारला आणि आप्पांसाठी आणि स्वतःसाठी चहाचं आधण ठेवलं. पाणी उकळू लागलं. माईंनी पदरानं मान पुसली, स्टूल ओढून माझ्याजवळ घेतलं, त्यावर बसल्या आणि म्हणाल्या,

‘डॉक्टरीणबाई, माझाही अर्धा कप टाका. साखर बेतानं.’